बांगड्यांना पट्टी

जखम हाताला होती आणि पट्टी मी बांगड्यांना बांधली.

हे वाचून नात म्हणाली, "आजी, मधलं एखादं वाक्य राहिलंय." काही राहिलेलं नाही. एका सवाष्णीच्या हातातल्या धडधाकट हिरव्या बांगड्या मी एकेक करून पांढऱ्या चिकटपट्टीत गुंडाळल्या, टोकं कात्रीनं नीट कापली आणि जरा मागं सरून आपलं काम न्याहाळलं. मला ते फार सुंदर वाटलं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि डोक्यावर खळ घातलेली टोपी होती. ती घसरू नये म्हणून मी इतक्या पिना खोचायची की त्यातली एखादी मेंदूपर्यंत गेली असावी. तेव्हाच्या माझ्या बाजूनं एवढंच बोलता येईल.

दवाखाना एका ट्रस्टचा होता, नगरहून औरंगाबादकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. बायकांचा एक वॉर्ड, पुरुषांचा एक, एक डॉक्टर, एक कंपाउंडर, दोन आया आणि मी. बाहेरचे पेशंट रोज यायचे, पण बाजाराच्या दिवशी जत्रा भरायची. डॉक्टरांकडे जाण्याआधी प्रत्येकाला माझ्या खोलीतून जावं लागे. वजन, ताप, ब्लड प्रेशर बघायचं, जखम असेल तर धुऊन पट्टी करायची, आणि मग आत सोडायचं.

मी मूळची खर्डा गावची. घरी आम्ही सगळे 'न्हाई' म्हणणारे. पुण्याला नर्सिंग शिकायला गेले आणि येताना 'नाही' घेऊन आले. ते मी इतक्या जोरात वापरायची की पेशंट दचकायचे. धाकट्या भावाला घरच्यांनी डॉक्टरीला घातलं होतं. मार्क माझे जास्त होते, पण वडील म्हणाले, "पोरीच्या जातीला सुई टोचता आली तरी लई झालं." मी मनात ठरवलं की पगार नर्सचा घ्यायचा आणि डॉक्टर व्हायचं. त्यामुळे पेशंट डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आत मी निदान करून मोकळी. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. माझं निदान ऐकून घ्यायचे, "बरं" म्हणायचे आणि स्वतःचं औषध लिहायचे. त्या 'बरं'चा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला.

तर तो बहात्तरचा दुष्काळ. ज्याच्या त्याच्या हाताला काही ना काही लागलेलं. रस्त्यांची कामं निघाली होती, जिकडेतिकडे खडी फोडायला माणसं बसलेली, त्यात बायका निम्म्याहून जास्त. कामावर सरकारी सुकडीचं पीठ मिळायचं, घरी मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी. पोट बिघडलं, चक्कर आली, अंगात त्राण नाही, हीच दुखणी. खडीची कपची उडून कुणाचं कपाळ फुटलेलं, कुणाची बोटं चेचलेली. जखम दिसली की कारण विचारायची गरजच वाटत नसे.

ती आली तीही चक्करेसाठीच. सोनईकडच्या एका वस्तीवरची सून, वीस-बावीस वर्षांची, सोबत सासू. झोप येत नाही, अन्नावर वासना नाही, उभं राहिलं की अंधारी येते. प्रेशरचा पट्टा बांधायला मी तिचा हात पुढं घेतला तर मनगटापासून वर ओरखडे आणि चिरा, काही वाळलेल्या, काही ताज्या.

"हे काय गं?"

"बांगडी फुटली, बाई."

"खडी फोडताना फुटतात," सासू म्हणाली. "रोजचंच हाय."

झालं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेले कित्येक महिने बायकांच्या हातांवर मी असल्याच जखमा बघत होते आणि प्रत्येक वेळी उत्तर हेच मिळत होतं, बांगडी फुटली. म्हणजे रोगाचं मूळ काच! खडी फोडणाऱ्या हातात काच असेल तर दुसरं काय होणार? मी सासू-सुनेला उभं करून भाषण दिलं. बांगड्या उतरवून ठेव म्हणाले. सासूनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी तिच्या मुलाच्या तिरडीची तयारी करायला सांगितली असावी. बरोबरच होतं तिचं. नवरा जिवंत असताना हात मोकळे कोण ठेवील? हे मला खर्ड्यात जन्मून माहीत नव्हतं असं नाही, पण पुण्याच्या 'नाही'नं ते झाकलं होतं. मग मी मधला मार्ग काढला. बांगड्या राहू देत, पण फुटल्या तरी लागणार नाहीत अशा करू. आणि चिकटपट्टीचं भेंडोळं उघडलं. डॉक्टर वॉर्डात होते, नाहीतर हा पराक्रम घडला नसता.

पोरगी हात पुढं करून बसली होती. एकदाच म्हणाली, "नका बांदू, बाई." मला वाटलं, लाजते.

दोन दिवसांनी सासू एकटीच आली. बाजार नव्हता, दवाखाना रिकामा होता, त्यामुळे तिचा आवाज दोन्ही वॉर्डांत पोचला.

"जखम हाताला, अन् पट्टी बांगड्यांना? ह्ये कोनत्या बुकात लिवलंय?"

"आजी, ती खबरदारी आहे."

"खबरदारी? आख्ख्या कामावर बाया हसत्यात. मुकादम इचारतो, बांगड्यांना ताप आलाय का? अन् मला आजी म्हनू नका, माझं काय येवढं वय न्हाई झालं."

"बरं, मावशी. पण पट्ट्या काढू नका. बाजाराच्या दिवशी घेऊन या तिला. नवी जखम झाली नसेल बघा."

"आन् झाली तर?"

"होणारच नाही," मी म्हणाले.

माणसानं आयुष्यात एक वाक्य परत घ्यायचं म्हटलं तर मी ते घेईन.

बाजाराच्या दिवशी दोघी आल्या. पट्ट्या मळून खडीच्या रंगाच्या झाल्या होत्या, पण एकही सुटली नव्हती, एकही बांगडी फुटली नव्हती. आणि हातावर नवीन चिरा होत्या. एक तर कोपराच्या वर, दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं बांगडी काय, खडीची कपचीसुद्धा वाट चुकून जाणार नाही.

मी पट्ट्या पुन्हा एकदा मोजल्या. सासू मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती, आणि तिची अक्कल माझ्यासारखी टोपीखाली दाबलेली नव्हती.

"म्हंजे बांगडी न्हाई," ती सावकाश म्हणाली. "तुमीच दावून दिलं, बाई. मग आपोआप हात फुटतो ह्यो कंचा रोग? त्यो मोठा रोग तर न्हाई ना?"

मोठा रोग म्हणजे महारोग. त्या काळी तो शब्द दवाखान्यातही हळू आवाजात बोलायचा. सुनेचा चेहरा पांढरा पडला.

"माझ्या दोन पोरी लग्नाच्या हायेत," सासू म्हणाली. "तसलं काय असंल तर सरळ सांगा. मी तिला माहेरी पोचवते. ल्योकाचं बघू मग."

माहेरी पोचवते म्हणजे चार दिवसांसाठी नव्हे, हे तिघींनाही ठाऊक होतं. आणि हे सगळं माझ्या चिकटपट्टीनं केलं होतं. इतके दिवस त्या पोरीकडे एक साधं, कुणालाही पटेल असं कारण होतं, ते मी तिच्या हातातून काढून घेतलं होतं. हे कळायलासुद्धा मला त्या क्षणी बुद्धी नव्हती. मला फक्त माझा शोध खोटा ठरल्याचं दुःख झालं होतं.

डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. कापूस फिरवला, टाचणी टेकवली, डोळे मिटून कुठं लागतंय ते सांगायला लावलं. तिला सगळीकडे सगळं कळत होतं. "महारोग नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग काय हाय?"

"तेच बघायचंय."

"बघा. पुढल्या बाजारापत्तुर बघा," सासू म्हणाली आणि औषधाची बाटली भरून घ्यायला कंपाउंडरच्या खिडकीशी गेली.

मी सुनेला पट्टी करायला घेतली. या वेळी हाताला. मान खाली घालून मी कापूस फिरवत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "बाई, तुमच्या अंगठ्याला काय झालं?"

माझ्या उजव्या अंगठ्याची गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. नखाच्या कडेची कातडी मी दातानं कुरतडायची. थोडीथोडकी नव्हे, रक्त येईस्तोवर. शाळेपासूनची सवय, पण नर्सिंगला घातलं तेव्हापासून फार वाढली होती. घरचं कुणी भेटून गेलं की पुढचे दोन दिवस अंगठा सुजलेला. स्पिरिट लागलं की मी डोळे मिटून घ्यायची आणि पेशंटला सांगायची, घाबरू नका, तुम्हाला नाही झोंबणार.

"काही नाही. साल निघालं."

"आपोआप?"

मी वर बघितलं. ती हसत नव्हती, पण हसण्याच्या अगदी जवळ होती. सासूसमोर तिचा असा चेहरा मी बघितला नव्हता.

"नाही," मी म्हणाले. "मीच काढते."

"कामून?"

नर्सिंगच्या परीक्षेत मी दुसरी आले होते, पण असला प्रश्न पेपरात नव्हता. मग ती आपलं सांगायला लागली, जणू एकीनं पानाचा डबा उघडला म्हणून दुसरीनंही उघडावा.

दिवाळीच्या आधी तिचं बाळ गेलं होतं. मुलगा, रांगायला लागलेला. जुलाब झाले आणि तीन दिवसांत संपलं. नवरा नाशिककडे कामाला होता, तो आला, गेला. घरात पुन्हा कुणी त्या पोराचं नाव काढलं नाही. पाळण्याची दोरी सोडून दुसऱ्या कामाला वापरली. ती रडायला लागली तर सासू म्हणाली, रडून गेलेलं येत न्हाई, कामाला लाग. ती कामाला लागली.

"आत कायतरी चढत येतं, बाई. मग हाताला कायतरी करते. घडीभर गप बसतं. मग परत येतं, अन् वर लाज. मग बांगडी फुटली म्हनते."

कशानं करते ते मी विचारलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. मी विचारलं ते दुसरंच, तेही घाबरत घाबरत, की जीव द्यायचं मनात येतं का?

"न्हाई," ती म्हणाली. "आलं तर तुमाला सांगीन."

मग माझा हात धरला. "आत्याबाईला नका सांगू. येडी म्हनतील. देवर्षाकडं नेतील, अन् तिथनं माहेरी."

म्हणजे खरं सांगितलं तरी माहेर, नाही सांगितलं तरी माहेर. मध्ये एका बाजाराचा अवधी.

डॉक्टरांना मात्र मी सांगितलं. तिला सांगूनच सांगितलं. ते स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळत बसले.

"असं शहरात असतं, ऐकलंय," ते म्हणाले. "इथं इतक्या वर्षांत मी एकही पाहिली नाही."

"तुम्ही बाह्या वर करत नाही, डॉक्टर. मी करते."

"मग तुम्ही किती पाहिल्यात?"

मी आठवायला लागले. बांगडी, खडी, बैलाचं शिंग, चुलीचा चटका, बाभळीचा काटा. प्रत्येक वेळी पेशंटनं जे सांगितलं ते मी मान डोलावून घेतलं होतं. त्यातलं बरंचसं खरंच होतं. पण सगळं?

"विचारून बघा," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांना. एकट्या तिलाच नव्हे. आणि जीव द्यायचं विचारलंत ते चांगलं केलंत. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. असेल तर बाहेर येतं. तसं कुणी म्हणालं तर त्याला घरी सोडायचं नाही, माझ्याकडे आणायचं."

दुसऱ्या दिवसापासून मी विचारायला लागले. पहिला बळी एक खोकल्याचा म्हातारा. पट्टा बांधला, टोपी सारखी केली आणि पुण्याच्या मराठीत विचारलं, "आपण स्वतःच्या शरीराला हेतुपुरस्सर इजा करून घेता का?"

त्यानं मागं वळून बघितलं, मी दुसऱ्या कुणाशी बोलत असेन म्हणून. मग म्हणाला, "बाई, मी खोकल्यासाठी आलोय."

दुपारपर्यंत मी हेच करत होते आणि दुपारपर्यंत तालुक्यात सगळं आलबेल होतं. जेवणानंतर एक बाई आली, नुसती डोकं दुखतं म्हणून, आणि येता येताच आपल्या जावेवर तोंड सोडलं. ऐकून ऐकून माझ्या तोंडून खर्ड्याची बोलीच बाहेर पडली, "मग येवढा राग आल्यावर काढता कुनावर?"

"कुनावर काढनार?" ती म्हणाली. "सोतावर." आणि पदर सरकवून मनगटावरची स्वतःच्याच दातांची खूण दाखवली, जसं गोंदण दाखवावं.

मग मी तोच प्रश्न धरला. पट्टा बांधायचा, पंप दाबायचा, काटा बघायचा आणि काट्याकडे बघता बघता विचारायचं, राग आला की कुणावर काढता? डोळ्यात बघून विचारलं की माणसं सावध होतात. काट्याकडे बघून विचारलं की ती काट्यालाच सांगतात.

आकडा सांगत नाही, कारण मी मोजलं नाही, आणि आता सांगायला गेले तर फुगवून सांगेन. पण तेव्हापासून पुढं रिकामा गेला असा एक बाजार आठवत नाही. कुणी स्वतःच्या तोंडात मारून घ्यायची. कुणी केस उपटायची, म्हणून डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नसे. आम्लपित्तासाठी येणारे एक शाळामास्तर होते, धोतराला इस्त्री, बोलणं मोजून मापून. ते पोरांना कधी मारत नसत अशी त्यांची ख्याती होती. मूठ भिंतीवर मारून मारून त्यांची बोटांची हाडं जाड झाली होती. रागाच्या भरात दोन-दोन दिवस अन्न न शिवणाऱ्या बायका तर इतक्या, की त्याला आजार म्हणावं हे त्यांनाच पटेना. पाटलाच्या घरातली असो की बौद्धवाड्यातली, उत्तर देताना आवाज सारखाच खाली यायचा. यातलं कुणीही त्यासाठी दवाखान्यात आलेलं नव्हतं. आले होते ते ताप, खोकला, पोटदुखी, चक्कर घेऊन. बहुतेकांना जीव नको होता असंही नव्हतं. एकदोघांना मात्र नको होता. त्यांना डॉक्टरांनी ठेवून घेतलं, घरच्यांना बोलावलं.

आणि गंमत बघा. कपाळ बडवून घेणं, गालफडात मारून घेणं, हात चावून घेणं, भिंतीला डोकं आपटणं, हे सगळं मी लहानपणापासून बोलण्यात ऐकत आले होते. ते बोलणं कुणाच्या तरी अंगावर उमटत असेल हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. माझ्या अंगठ्यावर रोज उमटत होतं, तरीही.

त्याच पहिल्या आठवड्यात एक दिवस डॉक्टर माझ्या खोलीत कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिले, कपाट आवरायच्या निमित्तानं. दुपारी उठले आणि म्हणाले, "बरं." हे 'बरं' नेहमीचं नव्हतं.

बाजाराचा दिवस उजाडला. सासू-सून आल्या त्या गाठोडं घेऊनच. सुनेची दोन लुगडी, एक तांब्या. दवाखान्यातून तशीच माहेरच्या यष्टीत बसवायची, असा सासूचा बेत.

"सांगा," सासू म्हणाली. "काय निगालं?"

"डॉक्टर सांगतील. आधी तुम्ही बसा, मावशी, तुम्हाला दम लागलाय. प्रेशर बघते."

पुढचं मी ठरवून केलं असं सांगायला मला फार आवडलं असतं. नातीला मी तसंच सांगितलं होतं. खरं असं की आठवडाभर तोच प्रश्न विचारून विचारून जीभ आपोआप वळत होती. पट्टा बांधला, पंप दाबला, काटा चढला, आणि मी विचारून बसले, "राग आला की कुणावर काढता?"

"कुनावर काढू?" सासू म्हणाली. "म्हाताऱ्यावर काढावा तर त्यो जेवत न्हाई. ल्योक नाशकाला. पोरी उद्या लोकाच्या घरी जायच्या."

"मग?"

तिनं मोकळ्या हातानं पदर घेऊन कपाळाचा घाम पुसला. कुंकू मोठं लावायची, रुपयाएवढं. ते पुसलं गेलं आणि त्याखाली चामडीला घट्टा पडलेला दिसला, काळा, बोटाच्या पेराएवढा.

"चौकटीला," ती म्हणाली. "दोनदा, तीनदा. मग बरं वाटतं."

"कधीपासनं?"

"नवं न्हाई त्ये. सासू हुती तवापासनं." मी हवा सोडली, काटा खाली आला, तरी ती हात तसाच ठेवून बसली. "पर नातू गेल्यापासनं रोजचं झालंय. सकाळी उटलं की आदी पाळण्याकडं नजर जाती."

सून दारात गाठोडं धरून उभी होती. तिनं गाठोडं खाली ठेवलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मला रोग न्हाई. म्या सोताच करते त्ये."

मला वाटलं, आता वेडी म्हणेल, आता देवर्षी काढेल. सासूनं पट्टा बांधलेल्या हाताकडे बघितलं, मग सुनेच्या हाताकडे.

"पोरासाठी?"

"व्हय."

"मला वाटलं, तुला कायच वाटलं न्हाई. एक टिपूस न्हाई काडलंस."

"तुमीच म्हनला हुता, रडू नको."

"म्या म्हनलं अन् तू ऐकलंस?" सासू म्हणाली. "बाकी कंदी ऐकलंस माझं?"

सून हसली का रडली ते मला सांगता यायचं नाही, कारण मी पाठ फिरवून कापसाचा डबा भरत होते. तो भरलेलाच होता. बाहेर रांग वाढली होती, कुणीतरी ओरडत होतं की आत काय बाळंतपण चाललंय काय. मी दार लोटून घेतलं. जरा वेळानं सासूनं स्वतःच पट्ट्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला, ती तिला सुटेना, तेव्हा मी सोडली.

"ह्ये आधी काढा," ती सुनेच्या बांगड्यांकडे बोट करून म्हणाली. "लई शोभा झाली."

मी स्पिरिटचा बोळा घेऊन बसले. चिकटपट्टी काचेवरून निघता निघत नव्हती. निम्म्या काढल्या तेव्हा एक बांगडी खरोखरच फुटली आणि माझ्या तर्जनीला लागली. दोघी सासू-सुना एकमेकींकडे बघून जे हसल्या, ते मी बिनतक्रार सोसलं.

त्या दिवशी माहेरची यष्टी त्यांच्याविना गेली. डॉक्टरांनी दोघींना सांगितलं की दर बाजारी या, औषध असो नसो, बाईंजवळ बसून जा. औषध खरं म्हणजे नव्हतंच, झोपेची आणि रक्तवाढीची गोळी सोडली तर. सुनेचा हात लगेच बरा झाला असं नाही. मध्येच एखादी नवी चीर असायची. पण आता ती बांगडीचं नाव घेत नसे. सरळ सांगायची, परवा झालं, पोराचा तांब्या सापडला तवा. मग दोन बाजार काही नसायचं, मग पुन्हा एकदा. हळूहळू मधली अंतरं वाढत गेली. सासूच्या कपाळाचं मला माहीत नाही. कुंकू तेवढंच मोठं होतं.

पुढच्या वर्षी धान्य पिकलं, खडीची कामं थांबली, हात भरून आले. दवाखान्यातली गर्दी काही कमी झाली नाही. मीही तो प्रश्न सोडला नाही.

एकदा असाच बाजार नसलेला दिवस होता. आदल्या दिवशी वडील येऊन गेले होते, पेढ्यांचा पुडा घेऊन. भाऊ शेवटच्या परीक्षेत पास झाला होता. मी सगळ्या दवाखान्याला पेढे वाटले. डॉक्टरांना दिला, आयांना दिला, खोकल्याच्या म्हाताऱ्यालासुद्धा दिला. दुसऱ्या दिवशी सासू एकटीच प्रेशर बघायला आली. सून दिवस गेल्यामुळे घरी होती, आणि हे सांगताना सासू दोनदा आवाज खाली आणून इकडेतिकडे बघत होती. मी पट्टा बांधला. पंप दाबला. काट्याकडे बघत नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं तर शब्द नीट निघेनात.

सासूनं माझ्याकडे बघितलं, टेबलावरच्या पेढ्याच्या रिकाम्या पुड्याकडे बघितलं, आणि पट्टा बांधलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं स्टूल जवळ ओढलं.

"आदी त्यो अंगठा तोंडातनं काडा, बाई," ती म्हणाली. "अन् आता तुमी सांगा, कुनावर काडताय? सावकाश सांगा. माझी यष्टी चारला हाय."